आधी जमिनीला विचारा

भिंतीतून काहीतरी उपटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ धप्पकन पडल्याचा. शिट्टीसाहेब कामावर निघायच्या तयारीत होते. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, तसेच ते बाथरूमकडे धावले.

दार उघडेना. ओल पिऊन ते खालून फुगलं होतं, एरवीही खांदा लावल्याशिवाय हलत नसे. आणि आता तर आतून आईच दाराला टेकून पडली होती.

"आई, लागलं का गं? जरा पलीकडे सरकतेस का?"

"सरकते रे. ढकलू नकोस तेवढं."

ती तसूतसूने सरकली, तेव्हा कुठे साहेबांना आत शिरता आलं. शहात्तर वर्षांची आई ओल्या फरशीवर बसली होती आणि तिच्या हातात टॉवेलची दांडी होती, स्क्रू आणि मूठभर प्लास्टरसकट. घसरताना तिने आधाराला दांडी धरली. दांडीनेच ऐन वेळी साथ सोडली.

साहेबांनी तिला उचलून खुर्चीत बसवलं. त्यांच्या बायकोने मनगटाला पट्टी बांधली. जीव भांड्यात पडला, तसं साहेबांच्या तोंडून ते वाक्य निघालं, जे अशा वेळी घराघरांतून निघतं.

"किती वेळा सांगितलं आई, जपून चालत जा म्हणून! लक्ष कुठे असतं तुझं?"

"चुकलंच माझं," आई खाली मान घालून म्हणाली.

आता शिट्टीसाहेब म्हणजे कोण, ते सांगायला हवं. ते एका मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. गळ्यात कायम शिट्टी. कुणी हेल्मेटविना दिसला की वाजलीच! कामगार त्यांना वचकून असत आणि मनातून मानतही असत, कारण त्यांच्या अमदानीत कारखान्यात गंभीर अपघात जवळजवळ बंद झाले होते. असा हा माणूस घरी आला की शिट्टी खुंटीला अडकवायचा आणि तिच्याबरोबर आपले डोळेही.

कारण ते बाथरूम! संडास आणि न्हाणी एकाच खोलीत. तीस वर्षांपूर्वीची आरशासारखी गुळगुळीत फरशी. दारात वीतभर उंच उंबरठा. नळाच्या खाली शेवाळाची हिरवी रेघ, छतावर बुरशीचे काळे ठिपके. एकुलत्या एका खिडकीसमोर जुन्या सामानाची खोकी रचलेली, त्यामुळे वाऱ्याला मज्जाव. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर वर्षभर सांगत होते, "अहो साहेब, माझ्या छतावर तुमच्या ओलीचा नकाशा उमटलाय. परवापर्यंत एकच खंड होता, आता दोन झाले." साहेब हसून म्हणत, "बघतो, मास्तर." आणि बघत मात्र होते हॉलकडे. नवा सोफा, नवे पडदे, छताला नक्षी, असा सगळा बेत ठरला होता. पाहुणे हॉलमध्ये बसतात. बाथरूम कोण बघायला येतंय?

संध्याकाळी डॉक्टरांनी मनगट तपासलं. "मुरगळलंय फक्त, हाड शाबूत आहे. पण आजी, जीभ एवढी कोरडी का तुमची? पाणी किती पिता दिवसाला?"

"पिते की," आई पुटपुटली.

घरी आल्यावर सुनेने तिचा हात हातात घेतला. "आई, तुमचा तांब्या रात्री भरून ठेवते, तो दुसऱ्या दिवशी तसाच असतो. मला कळत नाही का? खरं सांगा."

आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाली, "अगं, चष्मा काढून आत गेलं की सगळं धूसर. पाय टाकला की सटकतो. जीव मुठीत धरून जायचं आणि जीव मुठीत धरून यायचं. पाणीच कमी प्यायलं की सारखं जावं लागत नाही. आंघोळही तिसऱ्या दिवशी करते, मधल्या दिवशी अंग पुसून घेते. चालतंय तसं."

साहेब दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना वाईट वाटलं. पण तेवढंच. "उद्यापासून जाताना हिला हाक मारत जा," एवढं सांगून ते मोकळे झाले.

दोन दिवसांनी कारखान्यात एक जुना फिटर यंत्राशेजारी घसरून पडला. त्याचा गुडघा सुजून टम्म झाला. चौकशीला बसल्यावर व्यवस्थापक म्हणाले, "इतक्या वर्षांचा अनुभव आणि चालताना लक्ष नको? लिहा, कामगाराचा निष्काळजीपणा."

शिट्टीसाहेब ताडकन उठले.

"नाही लिहिणार! तिथे तेल गळतंय, उजेड कमी आहे, धरायला कठडा नाही. माणूस पडला की आधी माणसाला नाही, जमिनीला जाब विचारायचा! कुणीही हौसेने पडत नाही, साहेब!"

व्यवस्थापकांनी कागद बाजूला सारला. गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसलेला फिटर भारावून म्हणाला, "साहेब, आम्हा परक्यांसाठी तुम्ही एवढं भांडता. तुमच्या घरची माणसं किती निर्धास्त असतील!"

निर्धास्त! तो शब्द साहेबांना झोंबला. कोरड्या जिभेची आई त्यांच्यासमोर उभी राहिली. 'चुकलंच माझं' म्हणणारी. तिच्या अपघाताच्या कागदावर त्यांनी काय लिहिलं होतं? निष्काळजीपणा!

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी शिट्टी काढली नाही. मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, फरशीवर साबणाचं पाणी ओतलं आणि डोळे अर्धवट मिटून आत पाऊल टाकलं. दुसऱ्याच पावलाला पाय सटकला. हात आपसूक भिंतीकडे गेला. भिंतीला धरण्यासारखं काही नव्हतं. नळ धरला, तर तो हातात गरगर फिरला. एका तगड्या माणसाची ही गत! त्यांनी वही काढली आणि कारखान्यात लिहीत तसे एकेक धोके लिहायला घेतले. अकरा निघाले. अकरा धोके असलेल्या जागी ते रोज आपल्या आईला एकटं पाठवत होते.

ते आईच्या खोलीत गेले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"आई, परवा तू चुकली नाहीस. चूक माझी होती. मी तुला जपून चालायला सांगितलं, पण जपून चालता येईल अशी जमीन दिली नाही. हॉल राहू दे. आधी बाथरूम!"

आईने दोन्ही हात जोडले. "वेडा का खुळा तू? माझ्यासाठी एवढी तोडफोड? मी आता किती दिवसांची सोबती? आणि भिंतीला ते दवाखान्यातले दांडे लावशील. मी काय पेशंट आहे?"

साहेबांची बायको म्हणाली, "तुमच्यासाठी नाही, आई, सगळ्यांसाठी." पण आई बधली नाही.

तिला वळवलं ते थापीताईंनी. थापीताई म्हणजे फरशीकाम करणाऱ्या ठेकेदार बाई. वीस वर्षं बांधकामावर राबून त्यांनी आता स्वतःची माणसं उभी केली होती. खांद्यावरच्या पिशवीतून थापी कायम डोकावत असायची, म्हणून हे नाव. त्यांनी बाथरूम पाहिलं, भिंत ठोकून पाहिली, ओलीला नाक लावलं आणि आईजवळ येऊन बसल्या.

"आजी, जिन्याला कठडा असतो ना?"

"असतो की."

"जिन्याला कठडा लावला म्हणून जिना चढणाऱ्याला कुणी पेशंट म्हणतं?"

आईने नकारार्थी मान हलवली.

"मी शेकडो बाथरूम केली. लोक विचारतात, रंग कुठला, चमक किती. पाणी सांडल्यावर पाय ठरतो का, हे शंभरातला एकही विचारत नाही. माझ्या सासूबाईही तुमच्यासारख्याच म्हणायच्या, कशाला खर्च, कशाला त्रास. मी दुसऱ्यांची घरं करत राहिले. त्या पडल्या, खुबा मोडला, पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत." थापीताईंनी पिशवीतून डोकावणारी थापी आत ढकलली. "आजी, तुम्ही पडलात तर या दोघांचा त्रास वाचेल का वाढेल? आधार मागण्यात कसली लाज? लाज वाटायला हवी ती आधार न देणाऱ्याला!"

आईने मनगटावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाली, "बरं. करा काय करायचं ते."

काम सुरू झालं. आंघोळीला आणि संडासला तिघेही शेजारणीकडे जाऊ लागले. घरभर धूळ झाली, पण साहेब मागे हटले नाहीत. जुनी फरशी उखडली, तेव्हा गुपित बाहेर आलं. भिंतीतला पाइप गंजून झिरपत होता आणि जमिनीचा उतार सांडपाण्याच्या जाळीकडे नसून दाराकडे होता. म्हणजे पाणी साचायलाच सोडलेलं! पाइप बदलला, उंबरठा काढला, उतार नीट केला. पाणी झिरपू न देणारा लेप दोनदा चढवला. मग थापीताईंनी जाळीचं तोंड बंद करून टाचभर पाणी भरलं. "दोन दिवस हे असंच राहील. खाली थेंब उतरला नाही, तरच पुढे फरशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर वर आले. "साहेब, तिसरा खंड सापडला!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. कोपऱ्यात एका जागी लेप नीट बसला नव्हता. दमलेला कारागीर म्हणाला, "वरून एक हात मारतो. फरशीखाली कुणाला दिसणार?"

साहेबही क्षणभर डळमळले. दहा दिवस घराची धर्मशाळा झाली होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अजिबात नाही! काढा तो कोपरा आणि पुन्हा करा!"

आई दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून. आयुष्यभर तिने लोकांचे कपडे शिवले होते.

"चाळीस वर्षं मशीन चालवलंय मी. शिवण चुकली तर वरून टाका घालून भागत नाही, उसवूनच शिवावी लागते. आणि ते दांडे कुठे लावणार आहात? अंदाजाने? दुसऱ्याच्या मापाचं झबलं मला घालता होय? थांबा, माप माझं घ्या!"

पाणी उपसून झाल्यावर तिने आपली टेप आणली. संडासाच्या जागी खुर्ची ठेवून ती बसली, उठली, हात जिथे आपसूक गेला तिथे भिंतीवर खडूने खूण केली. थापीताई नुसत्या बघत राहिल्या. "आजी, माझ्याकडे कामाला येता का?"

"आधी हे उरका," आई म्हणाली. पण तिच्या गालावर हसू होतं.

कोपरा पुन्हा झाला. दोन दिवस पाणी भरून ठेवलं. खाली थेंब नाही. दुकानात साहेबांनी फरशीच्या नमुन्यांवर साबणाचं पाणी ओतून, अनवाणी उभं राहून निवड केली. दुकानदार तोंडात बोट घालून पाहत होता. दांडे पक्क्या भिंतीत खोल बसवले आणि साहेबांनी स्वतः त्यांना लोंबकळून पाहिलं. बसून आंघोळ करायला घडीची बैठक, हातात धरायचा शॉवर, भरपूर उजेड, वाफ खेचणारा पंखा. खिडकीसमोरची खोकी गेली, वारा आला. आणि दार आता बाहेरच्या बाजूला उघडत होतं, कडीही गरज पडली तर बाहेरून काढता येईल अशी. आत कुणी पडलं, तर त्याला 'सरक' म्हणायची वेळ येऊ नये!

पहिली आंघोळ आईने केली. अर्धा तास झाला तरी ती बाहेर येईना. साहेबांनी घाबरून दार वाजवलं. "आई, ठीक आहेस ना?"

"अरे, कितीतरी वर्षांनी पाठ चोळून आंघोळ करतेय. सुखाने करू दे की मेल्या!"

नवरा-बायको एकमेकांकडे बघून पोटभर हसले. साहेबांनी हळूच डोळे टिपले.

आठवड्याभरात बाथरूम बघायला इमारतीतली माणसं येऊ लागली. आई स्वतः सगळं दाखवायची. मास्तर म्हणाले, "छान आहे हो, पण मला अजून गरज नाही. मी ठणठणीत आहे." तशी आईने त्यांना बैठकीवर बसवलं आणि खडसावलं, "मास्तर, मीही पडायच्या आदल्या दिवशी ठणठणीतच होते!" मास्तरांनी मुकाट्याने थापीताईंचा नंबर घेतला.

वाचकहो, पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी आपण घर सजवतो, पण घरच्यांच्या पावलांसाठी किती करतो? आपलं म्हातारं माणूस पाणी कमी पीत असेल, आंघोळ टाळत असेल, तर ते हट्टी झालं असं समजू नका. ते कदाचित घाबरलेलं असेल आणि सांगायला लाजत असेल. ते पडण्याची वाट पाहू नका. आजच अनवाणी त्या ओल्या फरशीवर उभे राहा. जपून चालायचा सल्ला द्यायचा हक्क त्यालाच, ज्याने आधी वाट नीट केली!