गादीखालची माणसं

“हिंमत असेल तर त्या डोळ्याला चकवून रस्ता ओलांडून दाखव!” वर्गातल्या ढापण्यानं गादीवाल्याच्या पोरीला डिवचलं.

“हॅ! तो काय माझा बाप लागून गेलाय?” पोरगी म्हणाली आणि पैज घेऊन बसली. येडीच!

तो डोळा म्हणजे मी. चौकातल्या खांबावर लटकलेला कॅमेरा बोलतोय. नुसता कॅमेरा नाही हं, शिकलेला! संशोधक बाईंनी ढीगभर फोटो दाखवून मला पढवलं. दोन पाय, वर डोकं, तो माणूस. लांबलचक धूड सरकतंय, ते वाहन. मी मोजायचं, बाईंनी अहवाल करायचा, आणि पायी जाणाऱ्यांसाठी सिग्नल किती वेळ हिरवा ठेवायचा ते वाहतूक खात्याच्या साहेबांनी ठरवायचं. पहिल्या दिवशी माझी छाती नुसती फुगली होती. मला छाती नाही, पण फुगली.

आणि शाळा सुटल्यावर समोरून एक गादी चालत आली! डबल बेडची, पट्ट्यापट्ट्यांची. मी वर टांगलेला, मला ना पाय दिसले ना डोकं. आता लिहू काय? ‘माहीत नाही’ म्हणायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. दिलं ठोकून, ‘संथ वाहन’.

पोरगी जिंकली. मग काय, दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग! दुकानाबाहेर उन्हात टाकलेल्या गाद्या उचलायच्या, चार-चार जणांनी खाली घुसायचं आणि खिदळत पलीकडे. परत तसंच अलीकडे. रोजचा खेळच झाला. मी आपला इमानदारीत लिहितोय, संथ वाहन, संथ वाहन.

संध्याकाळी इथून चालत जाणारी मुख्यतः ही पोरंच, आणि ती सगळी गादीखाली. अहवाल गेला: इथे संध्याकाळी चालणारे जवळजवळ नाहीतच, गाड्या मात्र रखडतात. साहेबांनी पायी जाणाऱ्यांचा वेळ कापून गाड्यांना देऊन टाकला. खाली येऊन बघितलं कुणी? छे! मीच बघतोय म्हटल्यावर ते कशाला बघतील?

तेव्हापासून संध्याकाळ झाली की माझी तंतरते. त्या पोरीची आत्या पलीकडच्या शिलाईच्या दुकानात कामाला आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर घेऊन चालते. पूर्वी आरामात पोचायची. आता निम्म्या रस्त्यात हिरवा जातो आणि दोन्हीकडून गाड्या अंगावर.

“म्हातारी आहे रे, म्हैस नाही! भोंगा काय वाजवतोस?” आत्या ओरडते. आणि वॉकर पुढे रेटत राहते. मला वरून सगळं दिसतं. काच आहे, तोंड नाही. करू काय?

काल टेम्पोनं करकचून ब्रेक मारला तरी वॉकरला धक्का लागलाच. आत्या खाली बसली. पोरगी बापाच्या दुकानातून धावत आली.

“आत्या, काम सोड ना गं.”

“सोडते की! मग तुझ्या बापाच्या गाद्यांवर लोळत पडते.” आत्या हसली. पोरगी नाही हसली.

आत्ता माझ्या खांबाखाली बाई आणि साहेब उभे आहेत.

“आकडे तुमचेच आहेत, बाई,” साहेब म्हणतायत. “चालतंय कोण इथं? संध्याकाळी नुसती संथ वाहनं. उद्यापासून हा सिग्नल बंदच करून टाकू.”

बंद? मग आत्या कशी येणार? अहो, माझं ऐकू नका! मला उतरवा, परत शिकवा, नाहीतर भंगारात घाला. पण संध्याकाळी घटकाभर इथं उभे राहा की!

कुणालाच ऐकू जात नाही. साहेब गाडीकडे निघाले. तेवढ्यात दुकानाच्या पायरीवरून पोरगी उतरली. ढापण्या तिची बाही ओढतोय, “गप ना, मार खाशील!” तिनं बाही सोडवली.

“साहेब, थांबा. ती वाहनं नव्हती. गादीखाली आम्ही होतो. सगळ्यांना मीच गोळा केलं होतं.” तिनं रस्त्याकडे बोट दाखवलं. “आणि आता मधेच अडकते ना, ती माझी आत्या आहे.”