पंख्याचं तोंड

मी पवनचक्की बोलतेय. घाबरू नका. घाबरायचं काम मी एकटी पुरेसं करते.

धसईच्या वर, डोंगराच्या सपाट माळावर मी उभी आहे. नव्वदच्या दशकातल्या कुठल्याशा वर्षी एका कंपनीने मला इथे आणलं. माझी लांबच लांब पाती ट्रकवरून घाट चढत होती, तेव्हा माळाखालच्या वाडीतली झाडून सगळी माणसं बघायला लोटली. ‘पवनचक्की’ हे नाव काही त्यांच्या जिभेवर बसलं नाही. ती मला पंखा म्हणू लागली.

वाडीतल्या गोदूबाईने तर पहिल्याच दिवशी विचारलं, “एवढा मोठा पंखा लावला, पन वारा कोनाला घालायचा गो बाय?”

मी वारा घालत नाही, मी वारा खाते. बाहेरून ऐटदार दिसत असले तरी आत या म्हणजे माझी कथा कळेल. माझ्या पायाशी एक लोखंडी दार आहे. आत अंधार, विजेच्या पेटीवरचे मिणमिणते दिवे आणि भिंतीला धरून सरळ वर गेलेली शिडी. माझा खांब म्हणजे एक पोकळ नळी. वैशाखात तिची भट्टी होते, म्हणून वर काम करणारे खालचं दार उघडंच ठेवतात. शिडी संपते तिथे एक झडप लागते. ती उचलली की माझं डोकं.

डोकं म्हणजे वाकून वावरावं लागेल अशी चिंचोळी खोली, तेलाच्या वासाने भरलेली. बाहेर पाती अगदी आळसावल्यासारखी फिरतात. पण त्यांचा जाडजूड दांडा आतल्या दातेरी चाकांच्या पेटीत शिरतो, आणि पेटीतून निघताना तोच फेरा कितीतरी पटींनी वेगवान होऊन जनित्राला गरगरा फिरवतो. तिथे वीज तयार होते आणि केबलमधून खाली उतरते. वारा भरात असला की सगळी खोली घुमते, डुलतेसुद्धा. नवा माणूस पहिल्यांदा वर आला की हटकून कशाला तरी घट्ट धरतो. मला त्याची दया येते, कारण मी स्वतःच कायम धास्तावलेली असते. वारा कमी झाला तर बंद पडेन, जास्त झाला तर पाती मोडतील, म्हणून ब्रेक लागेल. म्हणजे स्वस्थता कधीच नाही.

पण माझा खरा जीव मानेत आहे. डोक्याच्या मागे, वर, एक लहानसं पातं बसवलेलं आहे. वारा फिरला की ते फिरतं, आतल्या मोटारींना तसं कळतं, आणि त्या माझी मान हळूहळू वाऱ्याकडे वळवतात. एकाच बाजूने फार फेरे झाले तर केबलला पीळ पडतो, मग उलटे फेरे घेऊन मी तो सोडवते. मी वाऱ्याला पाठ दाखवत नाही.

हे सगळं सांभाळायला कंपनीने गोदूबाईच्याच मुलाला, हरेशला नेमलं. तो मुरबाडला आयटीआय शिकून आला होता. एकदा गोदूबाई त्याची भाकर घेऊन माझ्या पायाशी आली, तेव्हा त्याने फुशारकीने सांगितलं, “आये, आता राब भाजताना वारा बघाया टेकाडावर चढू नको. खालून पंख्याचं तोंड बघ. जिकडं तोंड, तिकडून वारा.”

राब म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. भाताचं, नाचणीचं बी टाकण्याआधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत पसरून वैशाखात ते जाळायचं. आग लावायची ती वारा जिकडे जातो त्या टोकाला, म्हणजे ती वाऱ्याच्या उलट, सावकाश सरकते आणि माती मनासारखी भाजते. चुकीच्या टोकाला लावली तर ती वाऱ्याबरोबर धावत सुटते. वाडी डोंगराच्या पोटात, खळग्यात आहे. तिथे वारा अंगाला लागतच नाही. म्हणून पूर्वी कुणीतरी टेकाडावर जाऊन मूठभर माती उडवून बघायचं. हरेशच्या त्या एका वाक्याने ही पायपीट संपली. सगळी वाडी राब भाजण्याआधी माझ्याकडे मान वर करून बघू लागली.

मला सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मात्र भीती वाटायला लागली. कारण हरेशने आईला अर्धीच गोष्ट सांगितली होती. डोक्यात माणूस काम करत असला की माझी मान बांधून ठेवतात, नाहीतर मान फिरवणाऱ्या दातेरी कड्यात हात सापडायचा. मान बांधलेली असताना वारा कितीही फिरो, माझं तोंड आपलं जिथल्या तिथे. हे वाडीला कुणीच सांगितलं नव्हतं.

आणि तो दिवस आलाच. हरेश ‘मुरबाडला पार्ट आनाया जातो’ असं घरी सांगून निघाला होता. पण कंपनीचे साहेब तोच पार्ट घेऊन सकाळी जीपने परस्पर माळावर आले, म्हणून दोघे वर चढले. पूर्वेचा वारा होता. हरेशने पात्यांना ब्रेक लावला, मान बांधली, आणि काम सुरू झालं.

उन्हं चढली तसा वारा पडला, आणि थोड्या वेळाने पश्चिमेकडून उठला. डोक्यामागचं लहान पातं कधीच वळलं होतं. मी मात्र पूर्वेकडे डोळे लावून दगडासारखी उभी. तेवढ्यात खाली गोदूबाई आणि तिचा दीर कमळू राबाशी आलेले दिसले. धसईच्या बाजारातून यायला गोदूबाईला उशीर झाला होता.

“वयनी, दुपार झाली. वारा फिरला आसंल,” कमळू म्हणाला असावा, कारण त्याने हाताने पश्चिम दाखवली. गोदूबाईने माझ्याकडे बोट केलं. माझं तोंड पूर्वेला होतं. तिने राब पश्चिमेच्या टोकाला पेटवला.

क्षणभर धूर सरळ वर गेला, मग वाकला, आणि आग राबावरून वाळक्या गवतात उडाली. गवत माळापर्यंत, थेट माझ्या पायापर्यंत होतं. आणि माझं दार उघडं होतं.

धूर दारातून शिरला आणि माझ्या पोकळ अंगातून चुलीच्या धुराड्यासारखा वर चढला. साहेब खोकत शिडीकडे धावले. हरेशने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

“सोड! मला खाली जाऊ दे!”

“खाली नका जाऊ साहेब! शिडीवरच जीव जाईल!”

त्याने झडप आपटून बंद केली आणि डोक्यावरचं झाकण उघडलं. पण केबलच्या भोकांतून धूर येतच होता. हरेशने छपरातून अर्धं अंग बाहेर काढलं. खाली त्याची आई हिरव्या डहाळीने गवत झोडपत होती. “आये! दार लाव! दार!” तो घसा फोडून ओरडला. पण वारा पश्चिमेचा, त्याने ते शब्द उचलून पलीकडच्या दरीत टाकले. गोदूबाईने वर बघितलंही नाही. तिच्या लेखी तिचा मुलगा मुरबाडला होता.

मी काय करणार? मला हात नाहीत, आवाज आहे तो पाती फिरली तर.

हरेश आत आला. मग त्याने माझी मान सोडली आणि हाताने बटण दाबलं. मोटारी कण्हत चालू झाल्या. पाती ब्रेकमध्ये गच्च अडकलेली, आणि मी तशीच मान वळवायला लागले, पूर्वेकडून दक्षिणेकडे, दक्षिणेकडून पश्चिमेकडे. वळता वळता माझी सावली गवतावरून, गोदूबाईच्या अंगावरून सरकली.

तिने वर बघितलं. बघत राहिली. बंद पंखा मान वळवतोय, म्हणजे आत कुणीतरी आहे, आणि आत जाणारा या वाडीत एकच होता.

“भावजी! माझा हरेश वर हाय!”

कमळू “वयनी, थांबा!” म्हणेपर्यंत ती जळून काळ्या झालेल्या जमिनीवरून अनवाणी धावत सुटली. निखारे विझले नव्हते. ती माझ्या पायाशी आली, दारातून आत ओढला जाणारा धूर बघितला, तापलेल्या दाराला पदराने धरलं आणि सगळं अंग टाकून ते लोटलं. माझ्या पोटातला धूर हळूहळू बसला. हरेश आणि साहेब वाचले.

गोदूबाईचे तळवे मात्र होरपळले. त्या पावसाळ्यात तिला लावणीच्या चिखलात उभं राहता आलं नाही. साहेबांनी विचारलं, “बाई, भलत्या बाजूने आग लावलीच कशी?” ती नुसती माझ्याकडे बघून म्हणाली, “त्याचं तोंड बघून.” हरेश मान खाली घालून उभा होता. त्याच्याइतकंच मलाही रडावंसं वाटलं.

पुढे कंपनीचा उत्साह मावळला. चाकांची पेटी झिजली, सुटे भाग येईनात, आणि एक दिवस वीजवाहिनी तोडून नेली. विजेशिवाय माझ्या मोटारी चालत नाहीत. माझी मान पश्चिमेकडे वळलेली होती, ती तशीच गंजून बसली. हरेशने आसनगावला नोकरी धरली आणि आईलाही तिकडे नेलं. कमळू दोन वर्षांपूर्वी वारला. ती आग बघितलेली माणसं पांगली. माझ्याकडे बघायची सवय तेवढी राहिली.

काल दुपारी कमळूची सून सारिका राबाशी आली. ती शेणवे गावची, नवीन लग्न झालेली. हातात काडेपेटी धरून तिने नवऱ्याला, मुरबाडच्या कारखान्यात असलेल्या आदेशला मोबाइल लावला.

“आवो, वारा कुठला ता कसा कळंल? … काय? … पंख्याचं तोंड? बरं.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि पूर्वेच्या टोकाला राब पेटवला. मी देवाचं नाव घेत राहिले. वारा पश्चिमेचाच होता. आग शहाण्यासारखी सरकत गेली, माती छान भाजली. सारिका समाधानाने माझ्याकडे बघून हसली.

त्या हसण्याने माझी झोप उडाली आहे. तिचा आता माझ्यावर विश्वास बसला.

म्हणून हात जोडते. मला रंग देऊ नका, दुरुस्तही करू नका. तुमच्यापैकी कुणीतरी वर चढा आणि माझी पाती उतरवून घेऊन जा, म्हणजे मला तोंडच उरणार नाही. सारिकाचा अजून एक राब भाजायचा राहिलाय, आणि आज पहाटेपासून वारा पूर्वेचा आहे.