चार वह्यांची सावड

मार्गशीर्षातली थंडी अशी पडली होती, की कांद्याचं रोप उपटताना बोटं आपली आहेत का शेजारणीची ते कळत नव्हतं. यशोदाबाईच्या वावरात चौघी बाया उकिडव्या बसून कांदे लावत होत्या आणि वर शेततळ्याच्या भरावावर केरूची सृष्टी मोबाईल आभाळाकडे धरून उभी होती. वस्तीत रेंज फक्त तिथेच यायची. तिची आजी आक्काबाई बांधावर बसून रोपाच्या जुड्या सोडवत म्हणाली, "बया, देवाला निवद दाखवाया लागली का काय ही."

नैवेद्य होता, पण कुंदन सरांना. साथीच्या रोगानं मार्चपासून शाळेला कुलूप होतं. सर एकलहऱ्याहून मोटारसायकलवर यायचे, ते येणंही थांबलं होतं. आता ते रोज सकाळी सातवीचा अभ्यास ग्रुपवर टाकायचे. मुलांनी तो घरी वहीत करायचा आणि सहाच्या आत वहीचा फोटो पाठवायचा. ज्याचा फोटो नाही त्याच्या नावापुढे संध्याकाळी लाल फुली पडायची, आणि ग्रुपवर तर गावातले सगळे आईबाप होते.

ही फुली केरूला फार झोंबायची. ऑगस्टात एकदा सृष्टीच्या नावापुढे ती दिसली, तर सोसायटीच्या ओट्यावर दोघा-तिघांनी त्याला मुद्दाम थांबवून पोरगी आजारी आहे का म्हणून विचारलं. घरी येऊन त्याने सरळ निकाल दिला. गावातली शाळा सातवीपर्यंत, आठवीला सिन्नरला जावं लागायचं.

"अजून एक फुली दिसली का सातवीवर शाळा बंद. मंग आईसंगं कांदे लावायचे. शिन्नरचं नाव काढायचं नाय."

सृष्टीला तर सिन्नरच पाहिजे होतं. आत्याच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेलेल्या दिवशी तिने तिथल्या हायस्कूलचं फाटक पाहिलं होतं आणि आत मुलींचा कबड्डीचा डाव रंगलेला पाहिला होता. त्या दिवसापासून पोरीच्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं.

अडचण एवढीच, की वस्तीवर सातवीची पोरं चार आणि धड मोबाईल एक, तोही केरूचा. सकाळी कांद्याचे भाव बघून झाले की तो मोबाईल पोरीच्या हवाली करायचा. सृष्टी, यशोदाबाईचा महेश, सगुणाबाईची वेदिका आणि दत्तूचा रोहित, चौघांचा अभ्यास त्याच्यावरच. रोज चार विषय यायचे. त्यात कुणाला शेळ्या राखायच्या, कुणाला रोपाला पाणी भरायचं, कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं. सहा वाजेपर्यंत कुणाचा ना कुणाचा एखादा विषय राहायचाच.

तेव्हा सृष्टीने वावरात पाहिलं. चार घरच्या चौघी बाया आज हिच्या वावरात, उद्या तिच्या. जिला जमायचं नाही तिने घरातलं दुसरं माणूस पाठवायचं, पण हात कमी पडू द्यायचा नाही. एकटीला आठ दिवस पुरणारं वावर दोन दिवसांत हिरवं व्हायचं. ह्यालाच सावड म्हणतात, आणि ती पोरांनी पाळण्यात असल्यापासून पाहिलेली.

सृष्टीने तिघांना भरावावर बोलावलं आणि वाटणी करून टाकली. तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून मराठी तिच्याकडे. महेशचं डोकं हिशेबी, गणित त्याच्याकडे. वेदिकाला इंग्रजी, आणि रोहितला चित्रं काढता यायची म्हणून विज्ञान. ज्याने त्याने आपला विषय चारही वह्यांत लिहायचा. वेदिकाने भीत भीत विचारलं, की ही लबाडी नाही का. सृष्टीने तिला उलट विचारलं, की तुझी आई आमच्या वावरात कांदे लावते ती लबाडी असते का. वेदिकाला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही म्हणजे पटलं असं धरून काम सुरू झालं.

चार महिने कारभार बिनबोभाट चालला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सृष्टी फोटो काढताना मोबाईल जरा कलता धरायची. लाल फुल्या थांबल्या. सरांनी ग्रुपवर लिहिलं, की ह्या वस्तीच्या पोरांचा आदर्श सगळ्यांनी घ्यावा. केरू ते वाचून दोन दिवस टोपी तिरकी घालून हिंडला. पोरं दुपारची विटीदांडू खेळायला मोकळी झाली आणि सृष्टीने ऑगस्टनंतर गणिताच्या पुस्तकाचं पान उलटलं नाही.

पण चोरी कितीही नीट केली तरी खोकला येतोच. डिसेंबरात एक दिवस रोहितने अर्धीकच्ची बोरं ओंजळीओंजळीने खाल्ली आणि पोट धरून पडला. नेमका त्या दिवशी धडा होता पचनसंस्थेचा, आकृती काढून नावं द्यायची होती. आता सावडीचा नियम म्हणजे नियम. रोहितच्या घरातून दुसरं माणूस यायला हवं होतं. त्याची आई कांद्यात, म्हणून त्याचा बाप दत्तू आला.

दत्तू दहावीपर्यंत शिकलेला होता आणि पंचक्रोशीत ठिबकची जोडणी करायचा. मन लावून काम करणारा माणूस. लहान आतडं किती लांब असतं ते त्याने वेदिकाला विचारलं. वीस-बावीस फूट, असं तिने पुस्तकात बघून सांगितलं, तर तो म्हणाला, "एवढ्याशा माणसात एवढी नळी? मंग प्रेशर लागणार." आणि पेन्सिल जिभेवर टेकवून तो बसला. घरात बायको नव्हती, पोरगं कण्हत होतं, तरी गड्याने चारही वह्या पुऱ्या केल्या. सहाला दहा मिनिटं कमी असताना सृष्टीने धावत भरावावर जाऊन फोटो काढले. वहीत काय आहे ते बघायला कुणाला वेळ होता?

दुसऱ्या दिवशी सावड केरूच्या वावरात होती. दहाच्या सुमाराला मोटारसायकलचा आवाज आला. तोंडाला मास्क लावलेले कुंदन सर बांधावर उतरले आणि त्यांनी चारही पोरांना वह्या घेऊन बोलावलं. सरांना नऊ महिन्यांनी बघून बायांनी पदर सारखे केले. छायाने, म्हणजे सृष्टीच्या आईने, घरून तांब्याभर पाणी आणून लांब ठेवलं. आपल्या पोरीचं कौतुक करायलाच सर आले, असं समजून केरू हातातलं फावडं टाकून पुढे आला.

सरांनी चारही वह्या बांधावर उघड्या मांडल्या. चारही पानांवर माणसाच्या पोटात एकच ठिबक संच बसवलेला होता. तोंडाच्या जागी फूटव्हॉल्व्ह, घशाच्या जागी दोन इंची पाइप, जठराच्या जागी फिल्टर, आतड्याच्या जागी गुंडाळलेली काळी नळी आणि सगळ्यात शेवटी, अगदी बरोबर जागी, फ्लश व्हॉल्व्ह.

आक्काबाईने वाकून शेवटचं नाव पोरांकडून वाचून घेतलं आणि तिला हसू आवरेना. सगळं वावर हसलं. रोहितला घेऊन आलेला दत्तू मात्र जागचा हलला नाही. "यात चूक काय हाय ते दाखवा," तो म्हणाला. "तुंबलं का फ्लश कराया लागतंच."

सर हसले नाहीत. त्यांनी सृष्टीला पुढे बोलावलं आणि एकच गणित घातलं: तीन छेद चार अधिक पाच छेद सहा. मागच्याच आठवड्यात तिच्या वहीत हे बरोबर सोडवलेलं होतं, असंही म्हणाले.

खोटं बोलायला सृष्टीला आठ वाटा सापडल्या असत्या, पण आकडे सापडेनात.

"येत नाय सर," ती म्हणाली. "ते महेशनं केलंय. चौघांचं त्योच करतो. मी मराठी करते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. केरूचा चेहरा पडला. जी पोरगी त्याने ओट्यावर मिरवली होती तिला एक बेरीज येत नव्हती, तीही चारचौघांत. त्याने शांतपणे फावडं उचललं आणि सांगितलं, की झालं शिक्षण, उद्यापासून वाफ्यात बसायचं. छायाच्या हातातली रोपाची जुडी तशीच राहिली. सृष्टीला सिन्नरच्या हायस्कूलचं ते फाटक कुणीतरी आतून लावून घेतल्यासारखं वाटलं.

घाबरलं की काही पोरं रडतात. सृष्टीची जीभ सुटायची.

"सर, तुमची पण सावडच हाय ना?" ती म्हणाली. "ग्रुपवरच्या गणिताच्या कागदाखाली दुसऱ्याच गावच्या सरांचं नाव असतं. इंग्रजीच्या खाली मॅडमचं. तुमचं नाव निस्तं मराठीच्या खाली."

मास्क होता म्हणून बरं, नाहीतर सरांचं तोंड सगळ्या वस्तीला दिसलं असतं. कान मात्र लाल झाले. खरं होतं ते. शेजारच्या चार शाळांच्या शिक्षकांनी एकेक विषय वाटून घेतला होता. सरांनी ते कबूल केलं. आता आक्काबाईला जोर चढला. काम पुरं झालं म्हणजे झालं, कांदा कुणाच्या हातानं लागला ते कोण विचारतं, असं तिने सरांना सुनावलं.

बांधावरची काडी उचलून सर ओल्या वाफ्याशेजारी बसले. छेद बारा केले, वर नऊ आणि दहा लिहिले, बेरीज एकोणीस छेद बारा, म्हणजे एक पूर्णांक सात छेद बारा. चार रेघांत काम झालं. मग उठून म्हणाले, "आक्का, मला चारही विषय येतात. मग मी वाटून घेतले."

आक्काबाईने वाकून त्या रेघा पाहिल्या. तिला आकडे कळत होते असं नाही, पण सराईत हात तिला कळत होता. मग ती सृष्टीकडे वळली.

"सर खरं बोलत्यात," ती म्हणाली. "मी नवी नवरी आले, तवा मला लावणी येत नव्हती. मुळ्या वाकड्या बसायच्या. ह्या बायांच्या सासवांनी मला एक साल सावडीत घेतलं नाय. आधी आपल्या वाफ्यात शीक म्हणल्या, मंग आमच्यात ये. येत नसल त्याची सावड नसती पोरी, ती फुकट खाणं असतं."

हे सृष्टीला लागलं. सरांचं बोलणं सोसलं असतं, आजीचं सोसवेना, आणि ती तिथेच रडली.

पण म्हातारी एवढ्यावर थांबणारी नव्हती. तिने तिथेच न्याय केला. सर पंधरा दिवसांनी परत येतील, ह्याच बांधावर दहा गणितं घालतील. दहाच्या दहा आली तर केरूने सिन्नरला नाव घालायचं. एक जरी चुकलं तर तो म्हणेल तसं. जिला बेरीज येत नाही ती दहा कुठली सोडवते, असा विचार करून केरूने मान हलवली. सरही कबूल झाले.

ते पंधरा दिवस सृष्टीने जन्मात विसरू नयेत असे गेले. महेश मास्तर झाला आणि लगेच शेफारला. मला सर म्हण, म्हणाला. तिने म्हटलं. चूक झाली की एक बोर आणून दे, म्हणाला. तिने बोरांची पिशवीच भरून आणली, कारण चुका ढिगाने होत होत्या. शेळ्यांमागे जाताना, रोपाला पाणी देताना ती तोंडाने छेद समान करत राहायची. बदल्यात महेशचं अक्षर सुधारायचं काम तिच्याकडे होतं, आणि ते गणिताहून अवघड निघालं.

पंधराव्या दिवशी सर आले तेव्हा सगुणाबाईच्या वावरात लावणी चालू होती, पण कुणाचं कामात लक्ष नव्हतं. सृष्टी बांधावर वही घेऊन बसली. केरू तिच्या मागेच उभा राहिला आणि महेशला त्याने शेततळ्याच्या पलीकडे पिटाळलं. सात गणितं सरळ सुटली. आठव्याला ती अडली, खोडलं, पुन्हा अडली. छायाने डोळे मिटून घेतले. मग सृष्टीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि ते सुटलं. दहावं झाल्यावर सरांनी वही तपासून केरूच्या हातात दिली. एकही लाल खूण नव्हती.

केरूने पानं पुढून मागून पाहिली. पोरीचंच अक्षर होतं, डोळ्यांदेखत उमटलेलं. त्याला आनंद झाला होता, पण हरल्यासारखंही वाटत होतं, म्हणून त्याने घसा खाकरून सिन्नरची बस किती वाजता असते ते विचारलं. सर म्हणाले, पावणेसातला.

"जमायचं नाय," केरूने लगेच धरलं. "लावणीच्या दिवसात हिची आई सहाला वावरात असती. डबा कोण करणार?"

छाया काही बोलण्याआधी वाफ्यातून यशोदाबाई न उठताच म्हणाली, "सोमवार माझा." सगुणाबाईने मंगळवार घेतला. रोहितच्या आईने बुधवार घेतला, आणि छायाने उरलेले सगळे. केरूला नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. त्याने वही पोरीच्या हातात परत दिली.

सृष्टी उडीच मारणार होती, पण आक्काबाईने तिचा दंड धरला.

"डबा सावडीनं जाईल," म्हातारी म्हणाली. "अभ्यास तेवढा तुझा तू कर."