आसवांहून खारट नको

माझ्यावर बसून आजवर कितीतरी जणी बोलल्या, आज मी बोलते. मी एक सतरंजी. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, एका कोपऱ्याला उसवलेली.

मागावरून उतरले ती थेट ताईंच्या खांद्यावर आले. ताई वस्त्यांमधून आरोग्याचे वर्ग घेत. आधी घरोघर जाऊन विचारायच्या, काय अडतंय, सवड केव्हा असते. मग दुपारची भांडी आटोपली की कुणाच्या तरी ओट्यावर मला अंथरायच्या. सासवा-सुना माझ्यावर मांडीला मांडी लावून बसत.

जुलाबाचा वर्ग मला तोंडपाठ आहे. तांब्याभर पाणी, मूठभर साखर, चिमूटभर मीठ. ताई नुसतं सांगून थांबत नसत. प्रत्येकीला कालवायला लावत, चाखायला लावत. आसवांहून खारट लागलं तर ओतून द्या, म्हणत. एकदा एक सासूबाई म्हणाल्या, "आसवांची चव आम्हाला काय विचारता? सुनांना विचारा." सगळ्या हसल्या, सुनाही हसल्या.

मग धाकटी येऊ लागली. मोठ्या घरातली शेवटची सून, कडेवर तान्हं मूल. ती कोपऱ्यावर बसे. मनात प्रश्न आला की तोंडाने विचारायची नाही, माझे दोरे उपसायची. ताईंनी ते हेरलं होतं. वर्ग उठला की त्या हळूच तिच्याशेजारी सरकायच्या.

जुलाबाचा वर्ग तिच्या वाट्याला यायचा होता, तेवढ्यात कार्यक्रम वाढवायचं ठरलं. ताईंच्या वरचे साहेब, भला माणूस. ओटाभर बायकांना कळतं ते सगळ्या वस्तीला कळावं, एवढंच त्यांच्या मनात. ताईंनाही पटलं. सभागृह घेतलं, खुर्च्या मांडल्या, कर्णा लावला. मला गुंडाळून दाराशी उभं केलं.

धाकटीच्या सासूबाई खुर्चीत बसल्या. सासूच्या बरोबरीने खुर्चीत कसं बसायचं? धाकटी दारातच, मला टेकून उभी राहिली. मूल किरकिरत होतं, कर्णा खरखरत होता. ताईंचा आवाज तुटत तुटत आला, "मूठभर... मीठ..." चाखायला समोर काही नव्हतं. धाकटीची बोटं माझ्या दोऱ्यांत शिरली. पण ताई लांब, व्यासपीठावर होत्या.

पुढे मुलाला जुलाब लागले. धाकटीने ऐकलं तसं पाणी कालवून पाजलं. मूल गेलं. धाकटी भेटेल त्याला एकच सांगत राहिली, "ताईंनी सांगितलं तसंच केलं होतं हो."

ताईंनी मला पुन्हा ओट्यावर नेलं. कुणी फिरकलं नाही. साखर, मीठ आणि तांब्या पुढे मांडून त्या रोज एकट्याच बसायच्या. एका दुपारी धाकटी आली. आपल्या कोपऱ्यावर बसली. स्वतःच्या हाताने पाणी कालवलं, एक घोट घेतला आणि तांब्या पुढे केला.

"ताई, एवढंच ना?"

ताईंनी घोट घेतला. पण त्यांना चव सांगता येईना. ओठांवर आधीच खारट पाणी आलं होतं.

आता माझे पट्टे विटलेत. बायका पुन्हा येतात, थोड्याच. परवा एकीने माझा कोपरा शिवायला सुई काढली, तर ताईंनी तिचा हात धरला. माझंही तेवढंच मागणं आहे. मी विरेपर्यंत तो कोपरा तसाच राहू द्या. तिथे बसणारीला काहीतरी विचारायचं असतं.