बुरुलचा समोरून काढलेला फोटो

"बाई रुसून निघाली की काय, आके?" तोकतोसुनने फोटो उन्हाकडे धरला. "ह्यात पाठ. ह्यातही पाठ. ह्यात नुसती छत्री. तोंड कुठंय?"

ज्याला तो आके, म्हणजे दादा, म्हणत होता त्या एसेनकुलने बायकोचा आणखी एक फोटो पुढे सरकवला. तोकतोसुनच्या दुकानात भिंतीला टेकून काळे दगड उभे होते आणि प्रत्येक दगडावर बालिकची गावातलं कुणी ना कुणी मेलेलं माणूस कोरलेलं होतं. सगळे समोर बघत होते. कबरीवर चेहरा म्हटलं की मुल्ला नाक मुरडायचा. पण आशला, म्हणजे वर्षश्राद्धाच्या जेवणाला, कबरीवर चेहऱ्याचा दगड नसला तर नातेवाईक विचारतात, बाई काय अनाथ होती का? बुरुलच्या आशला तीन आठवडे उरले होते. जेवणासाठी कापायचा घोडा ठरला होता, नारिनहून तिची थोरली बहीण यायची होती. दगड तेवढा कोरा होता.

"चौतीस वर्षं फोटोग्राफरची बायको," तोकतोसुन म्हणाला, "आणि समोरून एक फोटो नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पासपोर्ट?"

"मृत्यूच्या दाखल्याच्या वेळी कचेरीनं जमा करून घेतला."

"झेरॉक्स?"

झेरॉक्स होती. तिच्यात बुरुलच्या तोंडाच्या जागी शाईचा डाग होता.

तरुणपणी एसेनकुल राजधानीच्या सिनेमा स्टुडिओत दोन वर्षं फोटो काढायला होता. चित्रीकरण चालू असताना शेजारी उभं राहून थिएटरच्या पाट्यांसाठी प्रसंग टिपायचे, हे त्याचं काम. नटाने कॅमेऱ्याकडे बघितलं की सिनेमा मेला, एवढा एकच मंत्र तो तिथे शिकला. मग देश मोडला, स्टुडिओला कुलूप लागलं आणि तो गावी परतला. गावाला हवे होते पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो, सगळं कुटुंब दातांसारखं ओळीत उभं. ते त्याने पोटासाठी काढले. सिनेमा मात्र डोक्यातून गेला नाही. स्टुडिओ नव्हता, नट नव्हते. बुरुल होती.

दर रविवारी तिची पावाच्या कारखान्यातली सुट्टी असे. रिकामी सुटकेस घेऊन तो तिला बंद पडलेल्या फलाटावर उभी करी. तळ्याच्या गंजक्या धक्क्यावरून चालायला लावी.

"आता मी कोण?" ती विचारायची.

"नवऱ्याला सोडून चाललीयस."

"बरं. मग येताना कांदे घेऊन येते."

"हसू नकोस. आणि माझ्याकडे बघू नकोस!"

"एकदा तरी समोरून काढा की हो."

"समोरून काय, पासपोर्टवाले काढतात."

ती मान वळवायची. फोटो सुंदर यायचे, हे खोटं नाही. बघणारा हमखास विचारायचा, पुढे काय झालं? पुढे काहीच झालेलं नसायचं. बुरुलने घरी येऊन कणीक मळलेली असायची.

त्या दिवशी दुकानातून घरी येऊन त्याने मॉस्कोला लेकीला फोन लावला. मेरिम तिथल्या एका हॉटेलात चादरी धुवायची.

"आईचे फोटो आहेत तुझ्याकडे?"

तिने अकरा पाठवले. एकात बुरुलचा तळहात होता, एकात कान, बाकीच्यांत रुमालाची मागची गाठ.

"मी मोबाईल काढला की मान वळवायची," मेरिम म्हणाली. "चिडायचे मी. म्हणायचे, आई, इकडे बघ. तर म्हणायची, बघितलं की बिघडतं गं. तुमचीच शिकवण, बाबा."

एसेनकुलने फोन ठेवला. आपण बायकोला नट केलं म्हणून आजवर त्याला अभिमान होता. आता स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी तोकतोसुननेच तोड काढली. "लेक आईवर गेलीय ना? तिचा फोटो आण. वीस वर्षं मी चढवतो. अशा चार बायका कोरल्यात, कुणाला पत्ता नाही."

"जिवंत माणसाचं तोंड कबरीवर?"

"मग पाठ कोरू? पाहुणे कबरीपुढं दुआ मागणार आणि ही त्यांना पाठ दाखवणार!"

एसेनकुलने मेरिमला पुन्हा फोन केला. "तुझा एक फोटो पाठव. समोरून. नीट उजेडात."

"माझा? कशाला?"

"भिंतीवर लावतो."

मेरिमने पलीकडे धुण्याचं यंत्र बंद केलं. मग म्हणाली, "केस धुते आणि काढते." तिचा आवाज इतका हरखलेला होता की त्याला फोन खाली ठेवावासा वाटला. पण ठेवला नाही. फोटो आला. तोकतोसुनने विचारलं, "नाक असंच होतं ना? डोळ्यांखाली काय होतं?" एसेनकुलला सांगता आलं ते एवढंच, की संध्याकाळचा उजेड बुरुलच्या डाव्या गालावर बरा पडायचा. "उजेड नाही कोरता येत, आके," तोकतोसुन म्हणाला आणि त्याने आपल्या मनाने सुरकुत्या घातल्या.

आशच्या सकाळी तळ्यावरून वारा सुटला होता. मेरिम पहाटेच्या गाडीतून उतरून थेट कबरस्तानात आली. बायकांनी आधीच दगडाभोवती रडायला सुरुवात केली होती. नारिनची बहीण दगडाचा गाल कुरवाळत होती. "बघा, कशी बघतेय! जशीच्या तशी. मेरिम, ये गं, आईला भेट."

मेरिम दगडापुढे उभी राहिली. एसेनकुल दोन पावलं मागे होता. तिचे खांदे ताठ झालेले त्याने पाहिले आणि तिला कळलं हे त्याला कळलं. पळून जावं असं वाटलं; पण शंभर पाहुण्यांमधून पळणार कुठे?

"आईच आहे ना?" मावशीने विचारलं.

"हो, मावशी," मेरिम म्हणाली. "आईच आहे."

बायका जेवणाच्या तंबूकडे वळल्या. मेरिम हलली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "तीळ राहिला, बाबा."

"कसला तीळ?"

तिने वळून बापाकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर त्याने सोसलं असतं.

"आईचा."

त्याने आठवून बघितलं. फलाट आठवला, धक्का आठवला, सुटकेसची मूठ आठवली. तीळ आठवेना.

मेरिमने त्याचा हात धरला आणि त्याचं बोट दगडावर नेऊन ओठांच्या खाली, उजवीकडे टेकवलं. "इथं," ती म्हणाली.

तिकडे मुल्लाने पठण सुरू केलं. मेरिम हात सोडून बायकांत जाऊन बसली. एसेनकुलने बोट उचललं नाही. दगड तिथे गुळगुळीत होता.