ओढ्यापलीकडचे मीठ

मी एक जुने खोगीर आहे मित्रांनो, पण माझ्यावर आजवर कोणी बसलेले नाही. मी ओझ्याचे खोगीर. मला लाकडाचा कणा आहे, दोन बाजूंना कातडी पिशव्या आहेत, आणि स्वभाव म्हणाल तर जळका आहे. ते आधीच सांगून टाकलेले बरे.

व्हिक्टोरिया प्रांतातल्या डोंगराखालच्या एका गावात माझा जन्म झाला. ग्लेनिसच्या वडिलांनी मला हौसेने करवून घेतले. उन्हाळ्यात त्यांच्या गाई डोंगरावर चरायला जात आणि बर्फ पडायच्या आत त्यांना खाली आणावे लागे. एवढ्या रानात गाई शोधणार कशा? वरच्या गवतात मीठ नसते, त्यामुळे गाई मिठाला हपापलेल्या असतात. मी मीठ वाहून नेत असे. ग्लेनिस ते एका सपाट खडकावर पसरी आणि हाक घाली, "साऽऽल्ट! या गं बायांनो, साऽऽल्ट!" की झाडाझाडांमधून गाईच गाई! सगळे तिच्या आवाजाचे कौतुक करत. मीठ कोणी वाहिले, हे मात्र कोणी विचारत नसे.

वडिलांनी कुरणे वाटून दिली. ओढ्याच्या अलीकडचे हिरवेगार कुरण ग्लेनिसला मिळाले, पलीकडचे खडकाळ तिच्या धाकट्या भावाला, क्लाइव्हला.

"सगळी साय हिच्या वाटीत, मला नुसतं ताक!" क्लाइव्ह जन्मभर कुरकुरत राहिला. त्याच्याकडेही एक ओझ्याचे खोगीर होते. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

मग सरकारने राखीव रानाची हद्द वाढवली. नवी रेघ नेमकी ओढ्यापर्यंत आली. ग्लेनिसचे कुरण बंद झाले, क्लाइव्हचे उघडे राहिले. खालच्या शेतातले गवत पुरेना. ग्लेनिस चारा विकत घेऊ लागली आणि चाऱ्यासाठी गाई विकू लागली. गावातल्या ज्या खोगिरांच्या दुकानात मी जन्मले, तिथे आता कॉफी मिळते. रान बघायला लोक येतात. ग्लेनिसची मुलगी टेसा त्यांना घोड्यांवरून फिरवते आणि त्यावर घर चालते, हे मला नाइलाजाने सांगावे लागते. आमच्या गाईंच्या खुरांनी तुडवलेले वरचे शेवाळ पुन्हा मऊ, हिरवे झाले आहे आणि झऱ्याचे पाणी निवळले आहे. तेही खरेच आहे.

पण मी ओसरीवर खिळ्याला टांगलेले! टेसाची नवी चकचकीत खोगिरे रोज डोंगरावर जात आणि माझा नुसता जळफळाट होई. एका पाहुणीने तर माझ्यावर ओले मोजे वाळत घातले.

शेवटी ग्लेनिसने उरलेल्या गाईही क्लाइव्हला विकल्या. त्याने त्या आपल्या बाजूने वर नेल्या. थंडी जवळ आली तेव्हा तो ओसरीवर हजर.

"तुझ्या गाई महा शिष्ट आहेत गं. ओरडून ओरडून घसा बसला, एक शेपूट दिसेल तर शपथ!"

"तुझा आवाज ऐकून मी तरी आले असते का?" ग्लेनिस म्हणाली.

"थट्टा पुरे. बर्फ आलं तर मरतील गं त्या."

ग्लेनिस उठली. तिने मला खिळ्यावरून काढले. "चल, मी येते. हेही घे. त्यांच्या ओळखीचं आहे."

क्लाइव्हच्या घोड्यावर बसून मी वर गेले आणि मनातल्या मनात म्हणत होते, येऊच नका गं! क्लाइव्हने त्याच्या बाजूला मीठ पसरले, हाका मारल्या. रान गप्प. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मग ग्लेनिसने एकच हाक घातली.

गाई आल्या. पण ओढ्याच्या अलीकडे, ग्लेनिसच्या बंद कुरणात, आपल्या जुन्या खडकावर. मीठ नसलेला तो खडक त्या चाटू लागल्या.

"अगं, त्या राखीव रानात शिरल्या!" क्लाइव्ह घाबरला. "रक्षकानं पाहिलं तर माझंही कुरण जाईल. बोलाव त्यांना!"

"मी बोलावलं तर त्या माझ्याच राहतील. पुढच्या वर्षी काय करशील? मीठ हातात घे आणि तूच बोलाव." एवढे बोलून ती गाईंकडे पाठ करून बसली.

क्लाइव्ह हाका मारत राहिला. गाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. फार वेळाने म्होरकी गाय पाण्यात उतरली, मागोमाग बाकीच्या. त्याच्या हातातले मीठ त्यांनी चाटून खाल्ले. ग्लेनिसने वळून पाहिले नाही.

उतरताना ती क्लाइव्हला म्हणाली, "खोगीर तुझ्याकडेच ठेव." मग तिने माझा पट्टा आवळला आणि क्लाइव्हला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाली, "मेल्या, हेवा वाटतो रे तुझा. तू कामाला वर येशील. मला आता नुसतं फिरायला यायचं."

मित्रांनो, मी आयुष्यभर दुसऱ्यांवर जळले. कोणीतरी माझा हेवा करावा अशी फार इच्छा होती. ती पुरी झाली आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. डोंगर जपा, जरूर जपा. पण रेघ ओढण्याआधी तिथे कोणाची हाक घुमते, ते एकदा वर जाऊन ऐका. त्या माणसालाही जपा.

क्लाइव्ह मला वेळेवर तेल लावतो. गाई आता त्याच्या पहिल्याच हाकेला येतात.