चौथा ठोका

समोर चार-पाच हजार पोरं घसा फोडून ओरडत होती आणि ईश्वरप्पाला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. पायाखालच्या फळ्या तेवढ्या थरथरत होत्या. उजवा कान दिवाळीतच गेला होता. डाव्याला तेव्हापासून जेमतेमच ऐकू येत होतं, आणि आज सकाळी, नेमका कार्यक्रमाचा मुहूर्त साधून, त्यानेही दगा दिला.

हे फक्त बायकोला, शिवबाईला ठाऊक होतं. स्टेजमागे तिने त्याचा हात धरला आणि ओठ सावकाश हलवले. "अवो, सांगून टाका की समद्यास्नी. लई हसं हुईल न्हायतर."

"वीस वर्सांनी बोलावणी याया लागल्यात. आता सांगू व्हय?"

ओठ वाचायला तो यंत्रमागाच्या शेडमध्ये शिकला होता. तिथल्या खडखडाटात आवाज काढून उपयोगच नसे, सगळे ओठांनी आणि हातांनी बोलत. शेजारच्या मागावर कल्लप्पा होता. दोघांनी त्या खडखडाटाचीच गाणी केली आणि मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यावरून 'धोटा' नावाचा रॉक बँड काढला. ईश्वरप्पा गायचा, कल्लप्पा ड्रम बडवायचा. कुंभारीपासून मंद्रूपपर्यंत गावोगाव नाव झालं, मग लोक साफ विसरले. गेल्या साली कुणीतरी जुनी कॅसेट मोबाइलवर टाकली आणि म्हातारे पुन्हा पोस्टरवर चढले.

बँडचा एकच नियम होता. ज्याचा ताल चुकला त्याने खाली उतरायचं. नियम ईश्वरप्पाचाच. त्याच नियमाने त्याने गिटारवाल्या प्रभूला भर कार्यक्रमात उतरवलं होतं. प्रभू पुन्हा त्याच्या घराची पायरी चढला नाही. आता गिटारवर कल्लप्पाची पोरगी अक्षता होती.

ईश्वरप्पाची भिस्त एका युक्तीवर होती. कल्लप्पा दोन काठ्या एकमेकींवर चार वेळा ठोकायचा आणि चौथ्या ठोक्याला गाणं सुरू व्हायचं. ठोके ऐकू आले नाहीत तरी दिसत होतेच. मागचे दोन कार्यक्रम त्याने असेच, काठ्यांवर डोळा ठेवून निभावले. कल्लप्पा चुकणारा गडी नव्हता.

तो माइकपाशी गेला, मान वळवून कल्लप्पाकडे पाहिलं. भीतीने त्याचे पाय गारठले होते. कल्लप्पाने काठ्या उचलल्या, आणि तशाच धरून ठेवल्या.

ईश्वरप्पा वाट बघत राहिला. कल्लप्पाही वाट बघत होता. पोरांचे ओरडणारे चेहरे हळूहळू गप्प झाले. कल्लप्पाची नजर कुठे आहे ते मग ईश्वरप्पाला दिसलं. ती त्याच्या उजव्या पायावर होती. गाण्याआधी तो पाय आपोआप ताल धरायचा, चाळीस वर्षांची सवय. आज तो हललाच नव्हता.

कल्लप्पाने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि मुठीवर मूठ ठेवली. शेडमध्ये त्या खुणेचा अर्थ एकच होता, माझा माग बंद पडलाय. मग त्याने हळूच कानाला हात लावला.

 म्हणजे इतके दिवस ईश्वरप्पा काठ्या बघून गात होता आणि कल्लप्पा त्याचा पाय बघून काठ्या ठोकत होता. दोन बहिरे एकमेकांच्या भरवशावर चार-पाच हजार माणसांसमोर उभे होते. त्यानेही मुठीवर मूठ ठेवली.

नियमाने दोघांनीही खाली उतरायचं होतं, पण कल्लप्पा जागचा उठला नाही. त्याने काठ्या पुन्हा उचलल्या आणि पायाकडे बघत बसला.

ईश्वरप्पाने कसाबसा पाय उचलला आणि फळीवर आपटला. एक, दोन, तीन. चौथ्याला त्याने तोंड उघडलं. गळ्यात काहीतरी कंप पावत होतं, तो सूर होता की नुसती आरोळी, देव जाणे. शेजारी अक्षता उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं, म्हणूनच तिच्या चेहऱ्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.